कांचेंतील तळें : पहिले मासे व पहिल्या पाणवनस्पति

नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराच्या दक्षिणेस सुमारें तीस किलोमीटरांवर बुटीबोरी आहे. काळ्या जमिनीवर वसलेलें हें गांव औद्योगिक वसाहतीमुळें पुष्कळ बदललें. कारखान्यांतील नोकरीनिमित्त आलेलीं अनेक कुटुंबें तेथें स्थायिक झालीं आहेत. सुटीच्या दिवशीं नागपूरला जाऊन येतांना अशा घरचीं मुलें एखादे वेळीं प्लॅस्टिकच्या पिशवींत दोन सोनेरी मासे, बाजारांतील भाषेंत गोल्डफिश, घेऊन येतात. घरीं कांचेचें एक गोल भांडें असतें. त्यांत नळाचें पाणी भरावयाचें, तळाशीं रंगीत खडे घालावयाचे आणि मासे सोडावयाचे. पहिला दिवस कौतुकांत जातो. दुसऱ्या दिवशीं पाणी गढूळ दिसूं लागतें. तिसऱ्या-चवथ्या दिवशीं मासे तोंड वर करून हवा गिळूं लागतात, आणि आठवडा पुरा होण्यापूर्वींच भांडें रिकामें होतें. मुलें हिरमुसतात, वडील मंडळी, ‘मासे मुळांतच आजारी असतील’, असें म्हणून दुकानदारास बोल लावतात.

बहुधा हा दोष दुकानदाराचा नसतो आणि माशाचाही नसतो. काम उलट्या क्रमानें झालेलें असतें. आधीं मासा आणला, मग भांडें शोधलें, आणि पाण्याचा विचार कोणीच केला नाहीं. खरा क्रम याच्या नेमका विरुद्ध आहे : प्रथम पाणी, मग वनस्पति, आणि सर्वांच्या शेवटीं मासे. आवडेल तो मासा आणून त्यास मानवेल असें पाणी करीत बसण्यापेक्षां, घरीं येणाऱ्या पाण्यास कोणता मासा मानवेल हें पाहून निवड करणें नवशिक्यास सोपें जातें, स्वस्त पडतें, आणि जीवहत्येचें पापही टळतें. प्रस्तुत भाषणाचें सार एवढेंच आहे. पुढील सर्व त्याचा विस्तार.

पाण्याची ओळख पटविण्यास प्रयोगशाळेची गरज नाहीं. बुटीबोरीचा परिसर काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, व त्यावर पसरलेल्या काळ्या मातीचा आहे. पावसाचें पाणी या खडकाच्या भेगांतून खालीं मुरतांना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार आपल्याबरोबर घेतें. म्हणून अशा प्रदेशांतील विहिरींचें व विंधन-विहिरींचें पाणी सामान्यतः जड, शाळेंतील पुस्तकांच्या भाषेंत दुष्फेन, असतें. ज्या घरीं पाणी तापविण्याच्या भांड्याच्या तळाशीं पांढरा थर बसतो, साबणास फेंस लवकर येत नाहीं, आणि नळाच्या तोटीवर खडूसारखे डाग पडतात, त्या घरचें पाणी जड आहे असें खुशाल समजावें. सामू व जडपणा तपासण्याच्या कागदी पट्ट्याही बाजारांत मिळतात. जड पाण्याचा सामू बहुधा सातापेक्षां अधिक, म्हणजे किंचित् अल्कधर्मी असतो. नळाच्या पाण्याची आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्यांत जंतुनाशासाठीं क्लोरीन मिसळलेलें असतें, आणि तें माशांच्या कल्ल्यांस जाळतें. असें पाणी रुंद तोंडाच्या बादलींत चोवीस तास उघडें ठेवल्यास क्लोरीन बहुतांशीं उडून जातें. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेटचे थेंब किंवा खडे उपयोगी पडतात.

जड पाणी वाईट नव्हे. माणसाप्रमाणेंच माशासही जन्मभूमीचें पाणी मानवतें, इतकेंच. दक्षिण अमेरिकेंतील अमेझॉनच्या जंगलांत कुजलेल्या पानांवरून वाहणारें पाणी अत्यंत मृदु व आम्लधर्मी असतें. तेथील निऑन टेट्रा हा निळी-तांबडी रेघ असलेला चिमुकला मासा दुकानांत सर्वांचें मन ओढून घेतो, पण विदर्भांतील विंधन-विहिरीचें पाणी त्यास परकें वाटतें. उलट मध्य अमेरिकेकडील मॉली, प्लॅटी इत्यादि मासे जड पाण्यांतच अधिक सुखानें वाढतात. हा एक भेद समजला कीं निवडीचें अर्धें काम झालें.

पाण्यानंतर हवामान. नागपूरच्या आसपास मे महिन्यांत पारा ४५ अंश सेल्सियसच्या घरांत जातो, आणि डिसेंबर-जानेवारींत कांहीं रात्रीं दहा अंशांच्या खालीं उतरतो. माशास या बदलाचा त्रास दुहेरी होतो. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत विरघळणारा प्राणवायु कमी होतो. १५ अंशांवर एक लिटर पाण्यांत सुमारें १० मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ३० अंशांवर साडेसात, आणि ३५ अंशांवर सातच्याही किंचित् खालीं. आणि त्याच वेळीं उष्णतेमुळें माशाची प्राणवायूची भूक वाढलेली असते. मिळकत घटावी आणि खर्च वाढावा, अशी ही स्थिति. म्हणून अरुंद तोंडाचें गोल भांडें या हवेंत फार घातक ठरतें. त्यांतील पाणी चार-पांच लिटर, तें दुपारीं चटकन् तापतें व पहांटे चटकन् निवतें, आणि हवेशीं भिडणारा पृष्ठभाग तर तळहाताएवढा.

नवशिक्यानें ६० सेंटीमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच, म्हणजे साधारण दोन फुटी, चौकोनी पेटी घ्यावी. ती कांठोकांठ भरल्यास ५४ लिटर पाणी मावतें. वाळू व वरची मोकळी जागा सोडून सुमारें ४५ लिटर उरतें. लहान पेटी सोपी आणि मोठी अवघड, हा समज खरा नाहीं. पाणी जितकें अधिक, तितका बदल मंद. आणि चुका सुधारण्यास वेळ मिळतो. मात्र भरलेल्या अशा पेटीचें वजन, कांच व वाळू धरून, साठ-सत्तर किलोग्रॅमपर्यंत जातें. तेव्हां ती डुगडुगत्या तिपाईवर न ठेवतां भिंतीलगतच्या भक्कम चौथऱ्यावर, ऊन पडणाऱ्या खिडकीपासून दूर ठेवावी. उन्हाळ्यांत जेथें कूलर लावला जातो ती खोली उत्तम. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडल्यास बाष्पीभवनानें पाणी दोन-तीन अंशांनीं निवतें. पण आटलेल्या पाण्याची नुसती भर घालीत राहूं नये. वाफ होऊन जातें तें पाणी, क्षार मागेंच उरतात, आणि महिन्याभरांत जड पाणी अधिकच जड होतें. थोडें जुनें पाणी काढून टाकावें व मग नवें घालावें.

आतां भांडें भरल्यावर दोन-तीन दिवसांत मासे कां मरतात, या प्रश्नाकडे वळावें. मासा कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेलें खाद्य कुजून त्यांत भर घालतें. नदींत वा तळ्यांत हा अमोनिया खाणारे सूक्ष्मजंतु असतात. त्यांपैकीं एक वर्ग अमोनियाचें नायट्राइट करतो आणि दुसरा नायट्राइटचें नायट्रेट करतो. अमोनिया व नायट्राइट हीं दोन्ही विषें. नायट्रेट त्या मानानें निरुपद्रवी, शिवाय वनस्पतींचें अन्न. हे सूक्ष्मजंतु प्रथम वेगळे करून दाखविण्याचें श्रेय रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यास आहे; तें काम १८९० च्या सुमाराचें. नव्या कोऱ्या पेटींत हे जंतु जवळजवळ नसतात, आणि त्यांची पुरेशी वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय अमोनियाचें विषारी रूप पाण्याच्या सामूबरोबर व उष्णतेबरोबर वाढतें. सामू ७ व उष्णता २० अंश असलेल्या पाण्यापेक्षां सामू ८ व उष्णता ३० अंश असलेल्या पाण्यांत, एकूण अमोनिया तितकाच असूनही, त्याचा विषारी अंश पंधरा पटींहून अधिक असतो. थंड व मृदु पाण्याच्या प्रदेशांत जी चूक खपून जाते, ती बुटीबोरीसारख्या ठिकाणीं एप्रिल महिन्यांत खपत नाहीं, याचें कारण हें.

यावर उपाय दोन : धीर आणि वनस्पति. १८५० सालीं लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें तेथील केमिकल सोसायटीपुढें एका साध्या प्रयोगाची हकीकत मांडली. त्यानें कांचेच्या भांड्यांत दोन लहान सोनेरी मासे सोडले आणि वॅलिसनेरिया नांवाची, लांब फितीसारख्या पानांची पाणवनस्पति लावली. वनस्पतीनें माशांस प्राणवायु पुरविला. परंतु तिचीं जुनीं पानें कुजून पाणी बिघडूं लागलें. तेव्हां त्यानें तळ्यांतील गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं, आणि तिघांचा संसार सुरळीत चालूं लागला. घरोघरीं मत्स्यपेटी ठेवण्याची आधुनिक रीति ज्या प्रयोगांतून निघाली, त्यांत हा प्रमुख होय. आपल्याकडे १९५१ सालीं मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, आणि तें पाहून आलेल्या कित्येक कुटुंबांस या छंदाची गोडी लागली.

वॉरिंग्टननें वापरलेली वॅलिसनेरिया विदर्भास परकी नाहीं. ती व तिची नातलग हायड्रिला आपल्या तलावांतूनही वाढतात. हायड्रिलाची फांदी उन्हांत ठेवली असतां तिच्यांतून प्राणवायूचे बुडबुडे निघतात, हा प्रयोग शाळेंत शिकलेल्या प्रत्येकास आठवत असेल. या दोन्ही वनस्पति जड पाण्यांतील बायकार्बोनेटमधून आपणास लागणारा कर्ब घेऊं शकतात. म्हणून जें पाणी नाजुक वनस्पतींस सोसत नाहीं, त्यांत त्या जोमानें वाढतात. पूर्व विदर्भांतील जुन्या मालगुजारी तलावांची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. तेथें बेशरमाची झुडुपें माजलीं, तळाच्या देशी वनस्पति नाहींशा झाल्या, आणि त्यांबरोबर देशी मासेही रोडावले. तेव्हां कांहीं तलावांतून ढिवर समाजाच्या मच्छिमार मंडळींनीं बेशरम उपटून हायड्रिला, वॅलिसनेरिया यांसारख्या वनस्पति पुन्हां लावण्याचें काम अंगावर घेतलें. माशाचें घर म्हणजे नुसतें पाणी नव्हे, पाणी अधिक वनस्पति, हें पिढ्यान्पिढ्या पाण्यावर जगणाऱ्या लोकांस सांगावें लागलें नाहीं.

पहिल्या पेटीसाठीं चार वनस्पति पुरेत. मागच्या बाजूस वॅलिसनेरियाचीं आठ-दहा रोपें लावावीं. त्यांचीं मुळें वाळूंत घ्यावीं, पण पान जेथून फुटतें तो भाग वाळूवर ठेवावा, नाहींतर तो कुजतो. ही वनस्पति जमिनीलगत धुमारे सोडून स्वतःच पसरते. तिचीं नर फुलें पाण्याखालीं सुटून पृष्ठभागावर येतात व तरंगत तरंगत मादी फुलापर्यंत पोंचतात. नशीब असेल तर हा सोहळा घरबसल्या पाहावयास मिळतो. कोपऱ्यांत हायड्रिलाच्या किंवा सिरॅटोफायलमच्या चार फांद्या असाव्या. सिरॅटोफायलमला मुळेंच नसतात, ती तरंगत राहून पाण्यांतील अमोनिया व नायट्रेट भराभर शोषून घेते. तिसरी जावा फर्न व चवथी अन्यूबियस. या दोघींना उजेड थोडा पुरतो. मात्र त्यांचीं खोडें वाळूंत न पुरतां दगडास वा लांकडास दोऱ्यानें बांधावीं. तळ्यांतून आणलेली वनस्पति स्वच्छ पाण्यांत दहा-पंधरा दिवस वेगळी ठेवावी, म्हणजे तिच्याबरोबर जळवा व पाण्यांतील किड्यांच्या अळ्या पेटींत येणार नाहींत. दिवसास सात-आठ तास दिव्याचा उजेड पुरे. त्याहून अधिक दिल्यास शेवाळ माजतें. जलपर्णी व गोंडाळ या तरंगत्या वनस्पति दिसावयास गोजिऱ्या असतात, पण थोड्याच दिवसांत सारा पृष्ठभाग व्यापून खालच्या झाडांचा उजेड तोडतात. नवशिक्यानें त्यांच्या नादीं लागूं नये.

वनस्पति लावल्यावर पेटी महिनाभर माशांवांचून ठेवावी. घरांतील मुलांस हा काळ फार लांब वाटेल. परंतु नवीं पानें केव्हां फुटतात, पाणी केव्हां निवळतें, गोगलगाय कोठून आली, हें पाहण्यांत पाहणाऱ्याची नजर तयार होते. या काळांत चिमूटभर खाद्य आठवड्यांतून दोनदां घालीत जावें, म्हणजे जंतूंस खुराक मिळतो. तपासणीच्या पट्टीवर अमोनिया व नायट्राइट शून्य दिसूं लागलें, कीं पेटी माशांसाठीं तयार झाली.

आतां मासे. बुटीबोरीच्या पाण्यास व हवेस साजेसा पहिला मासा म्हणजे गप्पी. १८६६ सालीं त्रिनिदाद बेटावरील रॉबर्ट गप्पी यांच्या नांवावरून त्याचें नामकरण झालें. महाराष्ट्रांत त्याची ओळख हिवताप-निर्मूलनामुळें गांवोगांव आहे, कारण डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं आरोग्यखातें त्याची पैदास करवितें. जड पाणी त्यास मानवतें, उष्णता तो बऱ्यापैकीं सोसतो, आणि नराच्या शेपटीचे रंग कोणत्याही महागड्या माशास लाजवितात. मादी अंडीं घालीत नाहीं, जिवंत पिलें देते. सुमारें चार आठवड्यांनीं एक वीत, आणि एका वेळीं वीस-तीस पिलें. म्हणून नवशिक्यानें केवळ नर घ्यावेत. पिलांचें पुढें काय करावयाचें हें ठरलें असेल, तरच मादी आणावी. गप्पीऐवजीं प्लॅटीही चालेल.

दुसरा मासा झेब्रा डॅनियो. निळ्या पट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा, क्षणभर स्वस्थ न बसणारा. हा मूळचा भारतीय उपखंडांतील असून फ्रान्सिस हॅमिल्टन यानें १८२२ सालीं गंगेच्या खोऱ्यांतील माशांवर लिहिलेल्या ग्रंथांत त्याचें वर्णन केलें. आज जगभरच्या प्रयोगशाळांतून आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठीं तो पाळला जातो. हिवाळ्यांतील थंडी व उन्हाळ्यांतील उष्णता या दोहोंचा त्यास जन्मजात सराव आहे. हा कळपांत राहणारा मासा आहे. एकटा किंवा दोघेच ठेवल्यास भेदरतो, म्हणून किमान सहा घ्यावेत. तिसरा, ज्यांची पेटी तीन फुटी आहे त्यांच्यासाठीं, रोझी बार्ब. हाही भारतीयच, विणीच्या दिवसांत नराच्या अंगावर तांबूस झळाळी चढते.

दोन फुटी पेटींत सहा झेब्रा डॅनियो व चार-पांच नर गप्पी एवढेच मासे असावेत. पेटी रिकामी वाटेल, वाटूं द्यावी. वीज गेली, पंप बंद पडला, घरचीं मंडळी दोन दिवस गांवीं गेलीं, तरी विरळ वस्तीचा व दाट झाडांचा हौद तग धरतो. गच्च भरलेला धरीत नाहीं. सर्व मासे एकदम न आणतां प्रथम तीन-चार आणावे व दोन आठवड्यांनीं बाकीचे, म्हणजे जंतूंची संख्या माशांच्या संख्येबरोबर वाढत जाते.

जे मासे पहिल्या पेटींत आणूं नयेत, त्यांची यादी दुकानांतील सर्वांत आकर्षक माशांची यादी आहे. गोल्डफिश थंड पाण्याचा, फार खाणारा व फार घाण करणारा. लहान दिसला तरी वींतभर वाढतो. कांच चाटणारा सकर मासा ‘टाकी साफ करतो’ म्हणून विकला जातो. तो फुटाहून मोठा होतो व स्वतःच पुष्कळ घाण करतो. ऑस्कर आपल्या तोंडांत मावेल तो मासा गिळतो. एंजल मासा वाढला कीं गप्पीचीं पिलें फस्त करतो. टायगर बार्ब दुसऱ्यांचे पर कुरतडतो. फायटर नर एकटाच, वीसएक लिटरच्या झांकण असलेल्या वेगळ्या पेटींत सुखानें राहतो, कारण त्यास हवेंतून श्वास घेण्याचें खास इंद्रिय आहे. दोन नर एकत्र ठेवल्यास ते रक्तबंबाळ होईपर्यंत झुंजतात. आणि पारदर्शक माशाच्या अंगांत सुईनें रंग टोचून विकलेला मासा तर कोणींच घेऊं नये. ती वेदना विकत घेणें होय.

दुकानांत मासा निवडतांना घाई करूं नये. ज्या टांकींत एकही मेलेला मासा दिसेल, त्या टांकींतील दुसरा घेऊं नये. पर मिटलेले, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, पोट खपाटीस गेलेलें, किंवा वर येऊन सारखा हवा गिळणारा मासा सोडून द्यावा. घरीं आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटें पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग पेटींतील पाणी थोडें थोडें पिशवींत घालावें, आणि शेवटीं जाळीनें मासा उचलून सोडावा. दोन मिनिटांत संपेल एवढेंच खाद्य दिवसांतून एकदां, फार तर दोनदां द्यावें; आठवड्यांतून एक दिवस लंघन घडलें तरी मासा रोडावत नाहीं. दर आठवड्यास चतुर्थांश पाणी बदलावें. गाळणीचा स्पंज नळाखालीं धुऊं नये. काढलेल्या जुन्या पाण्यांतच पिळावा, नाहींतर महिनाभरांत जोपासलेले जंतु क्लोरीननें एका मिनिटांत मरतात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. केव्हांतरी मासे नकोसे होतात : बदली होते, मुलें शिकावयास दूर जातात, किंवा सकर मासा पेटींत मावेनासा होतो. अशा वेळीं भल्या मनाचीं माणसें ‘जीव तर वांचेल’ म्हणून तो जवळच्या तळ्यांत वा वेणा नदींत सोडून देतात. हें पुण्य नव्हे. भारतांतील अनेक जलाशयांत असेच सोडलेले सकर मासे माजले आहेत; ते मच्छिमारांचीं जाळीं फाडतात, देशी माशांचीं अंडीं व अन्न खातात, आणि बाजारांत त्यांना मोल नसतें. हायड्रिलासारखी देशी वनस्पति सुद्धां पेटींतील रोग घेऊन नदींत जाऊं शकते. नकोसा मासा दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या छांदिष्टाच्या घरीं पोंचवावा. उपटलेल्या वनस्पति वाळवून कुंडींत खत म्हणून घालाव्या. ज्या मुलास ही शिस्त लागली, त्यास पाण्याची खरी ओळख पटली असें समजावें. घरांतील कांचेंत तळें उभें करणें हा छंद आहे. पण त्या तळ्यापायीं गांवची नदी बिघडूं न देणें, हें छंद करणाऱ्याचें कर्तव्य आहे.